रेटिंग दोन वर्षं तिथंच का अडकलंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, आयटीतली नोकरी. रोज रात्री जेवणानंतर मोबाइलवर बुद्धिबळाचे पाच-पाच मिनिटांचे आठ-दहा डाव. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचे, व्हिडिओ इतके पाहिलेत की सिसिलियन या ओपनिंगच्या चार शाखांची नावं तोंडपाठ आहेत. तरी ऑनलाइन रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) दोन वर्षं बाराशे-साडेबाराशेतच घुटमळतंय. मागच्या महिन्यात पहिल्यांदा हॉलमधली रेटिंग स्पर्धा खेळलात, नऊ फेऱ्यांत अडीच गुण झाले आणि तीन पराभव दहा वर्षांच्या आतल्या पोरांकडून. आता विचारताय, "सर, कुठलं ओपनिंग पाठ करू?"

कुठलंच नको. निदान आत्ता तरी.

तुम्ही पाठवलेले पाच हरलेले डाव मी लाकडी पटावर मांडून पाहिले. त्यातल्या चार डावांत पंधराव्या चालीपर्यंत तुमचं काहीच बिघडलेलं नव्हतं. एकात तर तुम्ही एक प्यादं वर होतात. म्हणजे जिथं तुम्ही रोज तेल ओतताय तिथं गाडी कुरकुरतच नाहीये.

तिसऱ्या फेरीचा डाव घ्या. तुमचा राजा जी१वर (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८), पुढे एफ२, जी२, एच२ ही तीन प्यादी जागची हललेली नाहीत. हत्ती डी१वर, शेवटची रांग राखत बसलाय. समोरच्या मुलानं हत्ती ई८वर आणला. तुम्हाला बी७चं प्यादं दिसत होतं, म्हणून तुम्ही हत्ती डी७वर घातलात. त्याचा हत्ती ई१वर आला आणि मात. स्कोअरशीटच्या, म्हणजे चाली लिहायच्या कागदाच्या, कडेला तुम्ही वेळ लिहिलीय हे फार चांगलं केलंत, कारण त्यावरून कळतं की तुमच्या घड्याळात ४१ मिनिटं शिल्लक होती आणि या चालीला तुम्ही वीस सेकंदही दिली नाहीत.

हत्तीची मात तुम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे? कोडं म्हणून समोर ठेवली असती तर दोन सेकंदांत सांगितली असती. तुम्हाला कळत नाही असं नाही, तुम्ही पाहिलंच नाहीत. हत्ती ई८वर का आला हे स्वतःला विचारलंच नाहीत, कारण त्याची चाल होईपर्यंत तुमची पुढची चाल मनात ठरलेली होती. पाचही डावांत हेच आहे. तुम्ही अर्धाच डाव खेळता, फक्त आपल्या बाजूचा. गेली २५ वर्षं मी सांगली-मिरजेकडे मुलांना आणि मोठ्यांना शिकवतोय. या पातळीवर अडकलेला माणूस बहुतेक वेळा इथंच अडकलेला असतो.

माझे आजोबा देशी पद्धतीनं खेळायचे. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजाला कॅसलिंगऐवजी (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायची सवलत) एकदाच घोड्याची उडी मिळते. डाव हळू चालायचा. प्रतिस्पर्ध्यानं चाल केली की आजोबा सुपारी कातरायला घ्यायचे आणि कातरून होईपर्यंत पटाला हात लावायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, सुपारीची तलफ आहे. फार उशिरा लक्षात आलं की म्हातारा त्या वेळात फक्त समोरची चाल बघत असायचा.

तुम्ही सुपारी कातरू नका, पण हात मांडीखाली घाला. खरंच घाला, मी थट्टा करत नाही. समोरच्याची चाल झाली की आधी ती कागदावर लिहा आणि लिहिताना तिच्याबद्दल तीन गोष्टी बघा. ही सोंगटी आता कशावर मारा करतेय? ती हलल्यामुळे मागची कुठली वाट उघडी पडली, म्हणजे उंटाची तिरपी किंवा हत्तीची सरळ? आणि जिथून ती उठली तिथं बसून ती काय राखत होती, जे आता उघडं पडलंय? पहिला प्रश्न बरेच जण विचारतात. तिसरा जवळजवळ कोणीच विचारत नाही, आणि फुकटची सोंगटी बहुतेकदा तिथंच मिळते.

त्यानंतर आपली बारी. आधी शह, मग मारामारी, मग धमक्या, याच क्रमानं, आणि दोन्ही बाजूंच्या. मूर्खपणाचे वाटणारे शहही बघायचे. दोन-तीन चाली मनात निवडायच्या, एकीचा हिशोब पूर्ण करायचा, मग दुसरीचा. एकीवरून दुसरीवर माकडउड्या मारत बसलात की दहा मिनिटं जातात आणि शेवटी वेळ संपत आला म्हणून तिसरीच चाल खेळली जाते, जिचा काहीच हिशोब केलेला नसतो. मीही असे डाव घालवलेत.

आणि चाल नक्की झाल्यावर, सोंगटीला हात लावण्याआधी, शेवटची एक नजर. ही चाल पटावर झालीय असं समजा आणि बघा, आता त्याच्याकडे शह कुठले आहेत? तेवढंच. पाच सेकंदं लागतात. तिसऱ्या फेरीत ही पाच सेकंदं दिली असतीत तर हत्ती डी१वरच राहिला असता.

पूर्वी शिकवणारे सांगायचे, चाल आधी लिहा, मग खेळा, म्हणजे लिहिताना डोळे पुन्हा पटावर जातात. आम्हीही तसंच शिकलो. आता फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात ते चालत नाही. आधी चाल पटावर करायची, मग लिहायची. आधी लिहिताना पंचांनी पाहिलं तर समज मिळते. म्हणूनच मी समोरच्याची चाल लिहितानाचा वेळ वापरायला सांगतोय, तो नियमात बसतो.

हे सगळं नवख्यांचं, असं वाटत असेल तर बॉनमधला प्रसंग ऐका. २००६चा नोव्हेंबर, व्लादिमिर क्रामनिक तेव्हा विश्वविजेता, समोर डीप फ्रिट्झ हा संगणकावरचा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम. दुसऱ्या डावात क्रामनिककडे काळ्या सोंगट्या होत्या आणि डाव सुरळीत चालला होता. ३४व्या चालीला संगणकाच्या घोड्यानं एफ८वर मारलं. क्रामनिकनं शांतपणे वजीर ई३वर नेला आणि वजीर एच७, मात. एका चालीची मात, विश्वविजेत्याला! माझ्या मते त्यात घोड्याचा हात आहे. एच७वरच्या मातीला एरवी जोर देणारा घोडा जी५वर किंवा एफ६वर असतो. एफ८वर, शत्रूच्या घरात शिरून तिथून मागे वळून एच७ राखणारा घोडा आपण फारसा पाहिलेला नसतो. डोळे सवयीच्या जागी जातात. पण "एफ८वर आलेला घोडा आता काय काय राखतोय?" हा प्रश्न कोरडेपणानं विचारला असता तर उत्तर समोरच होतं.

डोळ्यांच्या सवयीवरून कोड्यांकडे येतो. अड्रियान दे ग्रूट नावाच्या डच मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः चांगला खेळाडू होता, ग्रँडमास्टरांना आणि साध्या क्लब खेळाडूंना एकच स्थिती देऊन मोठ्यानं विचार करायला लावलं होतं. अपेक्षा अशी की मोठे खेळाडू दहा-दहा चाली खोल बघत असणार. तसं फारसं निघालं नाही. खोली थोडीफार सारखीच होती, फरक होता तो पहिल्या काही क्षणांत योग्य चालीवर नजर जाण्यात. पुढे १९७३मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघा संशोधकांनी दाखवलं की मास्टरला खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर तो ती जवळजवळ जशीच्या तशी मांडतो, पण सोंगट्या वाटेल तशा विस्कटून ठेवल्या की त्याचं हे कसब बहुतेक नाहीसं होतं. म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हती, ओळखीचे चेहरे होते. रोज बाजारात जाणाऱ्याला कोणती गवार जून आहे ते लांबून कळतं, तसंच.

तेव्हा कोडी रोज सोडवा, पण आत्ता सोडवता तशी नाही. तुम्ही लिहिलंय की रोज ४० कोडी होतात आणि ६५ टक्के बरोबर येतात. याचा अर्थ पहिली चाल अंदाजानं टाकताय. स्क्रीनवर चुकलं तर लाल खूण येते, पुढचं कोडं. स्पर्धेत लाल खूण येत नाही, हत्ती जातो. रोज दहाच कोडी घ्या, आपल्या पातळीहून थोडी सोपी. समोरच्याच्या उत्तरांसकट सगळी चालमालिका मनात पूर्ण झाल्याशिवाय स्क्रीनला बोट लावायचं नाही. चुकलेलं कोडं वहीत काढून ठेवा आणि तेच पुढच्या रविवारी, नंतर महिन्यानं पुन्हा सोडवा. फोर्क (एका सोंगटीचा एकदम दोघांवर मारा), पिन (मागच्या मोठ्या सोंगटीमुळे पुढचीला हलता न येणं), उघडा शह (पुढची सोंगटी हलली की मागचीचा बसणारा शह), शेवटच्या रांगेची मात एवढ्या चार गोष्टी झोपेतून उठवलं तरी दिसल्या पाहिजेत. बाराशेवरून पंधराशेपर्यंतचा रस्ता जवळजवळ यावरच आहे.

आठवड्यातून दोनदा कोडी खऱ्या पटावर मांडा. मोबाइलच्या पटाकडे आपण वरून बघतो, हॉलमध्ये समोरून. लांबच्या कोपऱ्यातला उंट सोंगट्यांच्या गर्दीत दडतो. तुमच्या सहाव्या फेरीत बी७वरच्या उंटानं जी२वर मारलं तेव्हा "हा कुठून आला?" असं झालं असेल ना? तो नवव्या चालीपासून तिथंच होता.

ओपनिंगबद्दल काहीच बोललो नाही तर तुम्ही नाराज व्हाल, म्हणून तुमच्याच पहिल्या फेरीतलं घेतो. तुम्ही काळे. ई४, ई५ (नुसतं घर लिहिलं की प्याद्याची चाल); घोडा एफ३, घोडा सी६; उंट सी४, घोडा एफ६. इथं पांढऱ्यानं घोडा जी५वर आणला. तुम्ही उंट ई७वर काढलात, कारण व्हिडिओत "सोंगट्या बाहेर काढा" असं सांगितलं होतं. पण घोडा तिथं का आला? सी४चा उंट आणि जी५चा घोडा, दोघांची नजर एफ७वर, आणि तिथं राखण एकट्या राजाची. तुमचा उंट ई७वर असो नसो, तो घोडा एफ७वर मारतो आणि वजीर-हत्ती दोघांवर एकदम जाऊन बसतो. म्हणून काळा डी५ खेळून उंटाची तिरपी वाट अडवतो. पांढरा प्याद्यानं डी५ मारतो. आता हात शिवशिवतात घोड्यानं प्यादं परत घ्यायला, पण तसं केलं की पांढरा एफ७वर घोडा देतो, राजाला तो घ्यावा लागतो, वजीर एफ३वर येऊन शह देतो आणि डी५चा घोडा वाचवायचा तर राजाला भर बाजारात, ई६वर यावं लागतं. तिथून बचाव होतो म्हणतात, पण तो तुम्ही-आम्ही करण्यातला नाही. म्हणून घोडा ए५, उंटाला हाकला, एक प्यादं गेलं तर गेलं, सोंगट्या भराभर निघतात.

पाहिलंत? चाली पाच, पण लक्षात ठेवायची गोष्ट एकच, एफ७. असं कारणासकट जेवढं राहतं तेवढंच ओपनिंग तुमचं. पांढऱ्यानं ई४ आणि इटालियन (घोडा एफ३, मग उंट सी४), काळ्यानं ई४ला ई५ आणि डी४ला डी५, बस. प्रत्येकाचं एक पान वहीत, दहा चालींच्या पुढे नाही. स्पर्धेत हरलात की त्या पानावर एक ओळ वाढवा. वर्षभरात तुमचं स्वतःचं ओपनिंगचं पुस्तक तयार होतं. सिसिलियनच्या चार शाखा सध्या माळ्यावर टाका.

पुढच्या फेरीची जोडी लागल्यावर रात्री प्रतिस्पर्ध्याचे डाव शोधत बसण्याबद्दलही विचारलंत. तुमच्या पातळीवर त्याचा उपयोग शून्य. झोपा.

शेवटाचा खेळ मात्र टाळू नका, तो कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे टाळतात. आज रात्री एवढंच मांडा. पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई६, काळा राजा ई७, पाळी काळ्याची. राजाला मागे जावं लागणार. डी८, ई८, एफ८, तीन घरं दिसायला सारखीच. ई८वर सरळ मागे गेलात तर बरोबरी. पांढरा राजा डी६ आला की तुम्ही डी८, त्याच्या नाकासमोर. प्यादं ई७वर शह देत आलं की तुम्ही ई८. आता प्यादं राखायला त्याला राजा ई६वर आणावा लागतो आणि तुम्हाला चालच उरत नाही, स्टेलमेट. पण सुरुवातीला डी८ गेलात तर पांढरा राजा डी६, तुम्ही ई८, प्यादं ई७ या वेळी शह न देता येतं, तुम्हाला एफ७वर सरकावं लागतं, तो डी७ आणि पुढच्या चालीला वजीर. एका घराच्या चुकीला अर्धा गुण. नेमकं हेच तुमच्या आठव्या फेरीत झालं, फक्त एका पट्टीनं बाजूला. तुम्ही लिहिलंय "नशीब खराब".

नशिबाचं म्हणाल तर १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. आपला गुकेश आणि तेव्हाचा विश्वविजेता, चीनचा डिंग लिरेन, विश्वविजेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट, डाव बरोबरीकडे चाललेला. ५५व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२वर नेऊन हत्तींची मारामारी देऊ केली. त्याचा उंट ए८वर, पार कोपऱ्यात होता. हत्ती कटले की गुकेशचा काळा उंट डी५वर येतो आणि कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागा नाही, तोही कटतो. उरतात नुसते राजे आणि प्यादी, आणि त्यात एक प्यादं जास्त म्हणजे तिथं संपूर्ण डाव. गुकेशनं आधी डिंगची चाल लिहिली, मग पुन्हा पटाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. ते चित्रण तुम्ही पाहिलंच असेल. तीन चालींनंतर डिंगनं डाव सोडला आणि १८ वर्षांचा विश्वविजेता मिळाला. जगज्जेतेपद ज्यावर ठरलं तो हिशोब आमच्याकडे दुसऱ्या इयत्तेतली मुलं शिकतात. अवघड होतं ते चार तास खेळून थकल्यावर "उंट डी५वर आला तर?" हे विचारणं.

राजा-प्यादं झालं की हत्तीच्या शेवटातल्या दोनच स्थिती, लुसेना आणि फिलिडोर. एक जिंकायची, एक वाचवायची. दोन रविवार पुरतात. त्यापुढचं सोळाशेनंतर बघू.

रात्रीच्या ब्लिट्झचं, म्हणजे त्या पाच-पाच मिनिटांच्या डावांचं, काय करायचं? सुटणार नाही हे मला माहीत आहे. मलाही सुटलेलं नाही. पण त्याला सराव म्हणू नका, चहा म्हणा. पाच मिनिटांत समोरच्याची चाल बघायला वेळच नसतो, म्हणजे जी खोड मोडायचीय तीच रोज रात्री आठ-दहा वेळा घोटली जाते. आठवड्यात तीनच डाव, १५ मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद, आणि प्रत्येक डावानंतर तेवढाच वेळ त्या डावावर.

आणि इथं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकावरचा प्रोग्राम, लगेच लावायचं नाही. इंजिन सांगतं "इथं चुकलं". तुम्ही "अरे हो" म्हणता आणि विसरता. आधी स्वतः वहीत लिहा, कुठल्या चालीला मी काय विचार करत होतो, कुठं भीती वाटली, कुठं घाई झाली. मग इंजिन. माझ्याकडे बँकेतले एक गृहस्थ यायचे, निवृत्तीला आलेले. ते प्रत्येक पराभवापुढे एका शब्दात कारण लिहायचे. घाई. लोभ. न पाहिलं. वेळ. वर्षअखेर वही उलटून पाहिली तर "न पाहिलं" हाच शब्द पानोपान होता, आणि "ओपनिंग" असं फक्त दोनदा. त्यानंतर त्यांनी मला ओपनिंगबद्दल विचारणं सोडून दिलं.

पोरांचं सांगतो. २०२५च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडे प्रत्येक हॉल भरलेला असतो, आणि त्यात निम्मी मुलं खुर्चीवर गुडघे टेकून बसतात कारण एरवी पट दिसत नाही. ती पाच सेकंदांत चाल करतात आणि हॉलभर फिरून येतात. त्यांच्या वेगानं खेळायचा मोह होतो, तिथंच तुम्ही हरता. पोरगं उठून गेलं की आनंद माना. पट तुमच्या एकट्याचा आहे, हात मांडीखाली घाला आणि बघा. लहान मुलं हल्ल्यात हुशार असतात, पण वजीर कटून शांत डाव सुरू झाला की त्यांना कंटाळा येतो. चाळिशीतल्या माणसाकडे त्यांच्याहून जास्त असलेली एकच गोष्ट आहे, बूड स्थिर ठेवायची ताकद.

शेवटचा प्रश्न, फिडे रेटिंग कधी मिळेल. १ मार्च २०२४पासून फिडेनं यादीची खालची पायरी १०००वरून १४००वर नेली, त्यामुळे पहिलं रेटिंग किमान चौदाशे भरलं तरच आता यादीत नाव लागतं. एकदा मिळालं की पहिल्या ३० डावांपर्यंत गुणक ४० असतो, म्हणजे चढउतार मोठे होतात. एखादी स्पर्धा वाईट गेली तर हाय खाऊ नका. सहा महिने वरच्यासारखं केलंत तर वर्षभरात यादीत नाव यायला हरकत नाही.

पुढची स्पर्धा झाली की हरलेले डाव पाठवा. वेळ लिहिताय ती प्रत्येक चालीपुढे लिहा, आणि समोरच्याच्या ज्या चालींचा हेतू खेळतानाच कळला होता त्यांच्यापुढे बारीक टिंब द्या. मला आधी ती टिंबं मोजायचीत.